मशीनचं तेल, तीन थेंब

छायाबाईंना त्या मंगळवारी सकाळपासून एकच गोष्ट हवी होती. बंदुकीची स्प्रिंग तुटलेली निघावी. लेकीच्या बंदुकीचं असं वाईट चिंतणारी आई वर्ध्याशेजारच्या साऱ्या पिपरी मेघेत दुसरी सापडली नसती. पण स्प्रिंग तुटली असेल तर दोष लोखंडाचा होता, आणि स्प्रिंग धड असेल तर दोष कुणाचा असू शकतो, हे फक्त त्यांनाच माहीत होतं.

आर्वीच्या एसटीत अंकिता खिडकीशी बसली होती. बंदुकीची लांबट पिशवी तिने गुडघ्यांमध्ये उभी धरली होती. कंडक्टरने यात काय आहे म्हणून विचारलं, तर ही बया सरळ ‘बंदूक’ म्हणाली आणि पुढच्या सीटांवरची मुंडकी एकदम मागे वळली. मग छर्‍याची आहे, हवेवर चालते, परवाना लागत नाही, स्पर्धेसाठी आहे, हे सगळं छायाबाईंनीच समजावून सांगितलं. एरवी या गोष्टीवर त्या दिवसभर हसल्या असत्या. आज त्यांनी पदराने घाम पुसला, आणि खरांगणा कधी मागे पडलं तेही त्यांना कळलं नाही.

छायाबाई ब्लाउज शिवायच्या. आजूबाजूच्या दोन गल्ल्यांतल्या बायकांची मापं त्यांना तोंडपाठ होती. नवरा हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये, आठवड्यातून एकदा घरी. घरात खरी सोबत मशीनचीच. बावीस वर्षांत त्या मशीनला कारागिराचा हात लागला नव्हता, आणि हे त्या नव्या गिऱ्हाइकाला ब्लाउजचा गळा विचारायच्या आधी सांगायच्या. दर दसऱ्याला मशीन पुसायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची आणि जितकी म्हणून भोकं आहेत तितक्या भोकांत तेलाचा एकेक थेंब सोडायचा. त्यांच्या पूजेत मंत्र नव्हता. तेल होतं.

यंदाच्या दसऱ्याला मशीनशेजारी पाटावर अंकिताची बंदूकही होती. ऋतिकने ती आदल्या संध्याकाळीच परत आणून दिली होती. ऋतिक नालवाडीचा, अंकिताच्याच क्लबात नेमबाजी शिकणारा. त्याच्या स्वतःच्या बंदुकीची नेम धरायची माशी मोडली म्हणून तो ही दोन दिवस सरावाला घेऊन गेला होता. पूजेच्या वेळी अंकिता फुलं आणायला बाहेर पडलेली. छायाबाईंनी लेकीला छर्रा भरायला नळी वाकवताना शंभरदा पाहिलं होतं. त्यांनी ती जराशी वाकवली, तर मागच्या बाजूला एक नीट गोल भोक दिसलं. भोक समोर आणि तेलाची डबी हातात, मग छायाबाईंसारखी बाई काय करणार? मशीनला एक थेंब पुरतो, पण ही बंदूक. त्यांनी तीन थेंब सोडले, नळी सरळ केली, कुंकू लावलं आणि जिल्ह्याच्या निवडीत पोरीचं नाव येऊ दे म्हणून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी अंकिता सरावाहून नाचतच आली. म्हणे आज बंदूक फटाक्यासारखी वाजली, नळीतून धूरसुद्धा निघाला, आणि छर्रे नेहमीपेक्षा वर लागत होते, इतका जोर. छायाबाईंनी मनातल्या मनात देवीला नमस्कार केला. पूजा लागली म्हणायची.

चार दिवसांत पूजा उतरली. छर्रे खाली लागू लागले. दहा मीटरवरच्या टारगेटवर आधी अर्धं बोट खाली, मग एक बोट, मग दोन, आणि तेही एका जागी नाहीत, कोंबडीला दाणे टाकावेत तसे विखुरलेले. अंकिताने पेच आवळले, माशी वर केली, खाली केली. काही उपयोग झाला नाही. मग शुक्रवारी तिने क्लबात सगळ्यांसमोर ऋतिकला विचारलं, तू बंदूक रिकामीच उडवत होतास ना? छर्रा न घालता बार केला की बंदूक आतून मोडते, हे तिथल्या लहान पोरालाही माहीत. ऋतिक नाही म्हणाला. ती खोटं बोलतोस म्हणाली. नेमबाजी शिकवणारे धनंजय सर शिस्तीचे. त्यांनी सांगितलं, बंदूक आर्वीच्या जंगूकाकांना दाखवा, ते अशा बंदुका दुरुस्त करतात. ते काय म्हणतात ते कळेपर्यंत ऋतिकने क्लबात यायचं नाही. निवडीची यादी मंगळवारी संध्याकाळी जाईल, त्याचं नाव त्यात ठेवायचं की नाही ते तेव्हा ठरवू.

घरी आल्यावर अंकिता तास दीड तास ऋतिकला शिव्या घालत होती आणि छायाबाई हूं हूं करत हुक लावत होत्या. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं तोवर. कळलं शनिवारी. अंकिताने जंगूकाकांना फोन लावला आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला. म्हाताऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला, आत तेल टाकलं होतं का? छे काका, अंकिता म्हणाली, आमचे सर थेंबसुद्धा टाकू देत नाहीत. छायाबाईंच्या हाताखालची शिवण वाकडी गेली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

जरा वेळाने त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, तेल टाकलं तर काय होते गं? वाट लागते, अंकिता म्हणाली आणि आंघोळीला गेली. सांगायला ती वेळ बरी होती. नंतर जेवताना बरी होती, रविवारी बरी होती, सोमवारी तर अंकिता स्वतःच आईजवळ येऊन बसली होती. छायाबाईंनी प्रत्येक वेळी तोंड उघडलं आणि प्रत्येक वेळी भलतंच काहीतरी बोलल्या. आपण मशीनवाली बाई, आपल्या हाताने पोरीचं नुकसान झालं, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. त्यात ऋतिकनेच काही केलं असेल, असंही वाटायचं. वाटायचं म्हणजे वाटावं असं त्यांना फार वाटायचं. शेवटी सोमवारी त्यांनी जाहीर केलं की आर्वीला मीही येते. अंकिता चकित झाली, पण आईला काळजी आहे असं समजून तिला बरंच वाटलं. ते पाहून छायाबाईंना आणखी वाईट वाटलं.

जंगू मडावींचं दुकान आर्वीच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. दुकान म्हणजे पत्र्याची शेड आणि दाराशी फवारणीच्या पंपांची रांग. सोयाबीन निघत आलं होतं, कापसावरची फवारणी सरत आली होती, तेव्हा म्हातारा जरा मोकळा होता. पंप कुठून हवा सोडतो हे शोधण्यात त्याचा जन्म गेला. आणि विदर्भातल्या जत्रांमध्ये जे फुगे फोडायचे स्टॉल लागतात, त्यांच्या बंदुका हंगामाआधी त्याच्याकडेच येत. हवा ती हवा, मग ती पंपातली असो की बंदुकीतली.

अंकिताने बंदूक बाहेर काढायच्या आधीच ऋतिकची कहाणी सुरू केली. म्हाताऱ्याने हात वर करून तिला थांबवलं.

“आधी हवा कुठून जाते ते पाहू पोरी. कोणाचं नाव घ्याचं ते मंग पाहू.”

छायाबाई स्टुलावर बसल्या आणि लगेच उठल्या. म्हाताऱ्याने चहा मागवला. तो आला, त्यांच्या हातात निवला.

पहिल्यांदा त्याने कपडे धुवायच्या साबणाची वडी समोरच्या फळीला टेकवली आणि चार पावलांवरून एक छर्रा मारला. मग त्या भोकात आगपेटीची काडी घातली. काडी अर्धीच आत गेली. चांगली बंदूक अख्खी काडी गिळते, तो म्हणाला. म्हणजे जोर गेलाय हे खरं, माशीची भानगड नाही. मग त्याने पतंगाच्या कागदाची एक पट्टी फाडली आणि नळी जिथे वाकते त्या सांध्यावर आडवी ठेवली. छर्रा घालून बार केला की हवा या सांध्यातून सुटत असेल तर पट्टी उडेल, नाहीतर जागेवर राहील. छायाबाई पट्टीकडे पाहत राहिल्या. उड, उड, उड बाई. बार झाला. पट्टी हललीसुद्धा नाही.

“इथून नाई जात,” म्हातारा म्हणाला.

मग त्याने छर्रा नळीत बोटाने दाबून पाहिला. घट्ट बसत होता, नळी ठीक होती. मग बंदूक कानाशी धरून त्याने नळी सावकाश खाली ओढली. स्प्रिंग तुटलेली असेल तर आत खरखर होते, त्याने अंकिताला समजावलं, आणि दमलेली असेल तर ओढायला हलकी लागते. छायाबाईंचा जीव आता त्या म्हाताऱ्याच्या कानात होता. त्याने दोनदा ओढून पाहिली, तिसऱ्यांदा अंकिताला ओढायला लावली.

“पयल्यासारखीच लागते का?”

“हो. तशीच लागते.”

“मंग स्प्रिंग साबूत हाय.”

छायाबाईंना बाहेर जावंसं वाटलं. त्या दारापर्यंत गेल्याही. रस्त्यावरून कापसाची गाडी चालली होती, ती जाईपर्यंत उभ्या राहिल्या आणि परत आल्या. म्हाताऱ्याने तोवर बंदूक शिकंज्यात धरली होती. स्प्रिंग दाबून धरत त्याने पिन काढली, शिकंजा हळूहळू सैल केला, आणि आतला दट्ट्या बाहेर ओढला. सायकलच्या पंपात असतो तसाच, फक्त पोलादी, आणि टोकाला वायसर. हवा धरून ठेवायचं काम त्या वायसरचं. पंपाचं असो की बंदुकीचं, सगळं बळ त्याच्यावर.

त्या वायसरची कड काळी पडून वितळली होती. म्हाताऱ्याने नळकांड्यात चिंधी फिरवून काढली, ती काजळीने चिकट झाली होती. त्याने ती नाकाशी नेली.

“रिकाम्या बारानं नाई झालं हे. तेल टाकलं कोनी तरी.” मग त्याने अंकिताला सांगितलं की दट्ट्या इतक्या जोरात येतो की पुढची हवा तापते, आणि तिथे तेल असलं तर ते पेटतं. “मधात एखाद्या दिवशी लय जोरानं वाजली का? धूर गिर निघाला?”

अंकिताचे डोळे मोठे झाले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ती म्हणाली.

“तेच. दोन दिवस जास्त जोर वाटते, मानूस खुश होते. तवर आत वायसर जळून राह्यते.”

सगळं जुळलं. इतकं जुळलं की अंकिता उभीच राहिली. दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत बंदूक ऋतिककडे होती. त्यानंतरच्या पहिल्याच बाराला धूर. रिकामी उडवली नसेल तर तेल टाकलं, पण केलं त्यानेच. तिने फोन काढला, धनंजय सरांचा नंबर लावला, आणि घंटी वाजत असताना आईकडे पाहून म्हणाली, पाहिलं ना आई, मी सांगत नव्हते?

छायाबाईंना तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. आता त्या कायमच्या सुटल्या होत्या. जाणत्या माणसाने निकाल दिला होता, आणि त्या निकालात त्यांचं नाव कुठेच नव्हतं. गप्प बसलं की झालं. तीन दिवस ज्या सुटकेसाठी त्या तडफडत होत्या ती समोर आली, आणि त्यांना ती नको झाली. ऋतिक त्यांच्या डोळ्यांसमोर आला. बंदूक परत आणली त्या संध्याकाळी तो दारात चप्पल काढून उभा होता आणि जाताना म्हणाला होता, काकू, पुसून आणली आहे, एकदा पाहून घ्या.

त्यांनी लेकीच्या हातातून फोन घेतला. पलीकडे सर हॅलो हॅलो करत होते.

“सर, मी अंकिताची आई बोलतो. तेल मी टाकलं. दसऱ्याच्या पूजेत, मशीनमंदी टाकतो तसं. त्या पोरानं काई नाई केलं. त्याचं नाव यादीत राहू द्या.”

सरांनी पुन्हा एकदा विचारलं, तुम्हीच टाकलं ना? मग ठीक आहे म्हणाले. छायाबाईंनी फोन अंकितापुढे धरला, पण तिने तो घेतला नाही, तेव्हा त्यांनी तो बाजूच्या पंपावर ठेवला.

 म्हाताऱ्याने कपाटातून चामड्याचा तुकडा काढला आणि वायसर कापायला घेतला. जत्रेच्या बंदुकांत तो चामड्याचेच वायसर घालायचा, आणि त्याच्या मते तेच टिकायचे.

“चामड्याचा असता तर त्याले तेल लागतेच,” तो छायाबाईंना म्हणाला. “तुमचं चुकलं नसतं. हा प्लास्टिकचा होता.”

ते ऐकून छायाबाईंना रडू आलं, आणि त्या रडल्या. वायसर बसला, स्प्रिंग आत गेली, पिन ठोकली गेली. साबणाच्या वडीत नवा छर्रा मारला, तर काडी गुलापर्यंत आत गेली. म्हाताऱ्याने सांगितलं की चामडं बसायला शंभरेक बार करावे लागतील, रविवारच्या निवडीच्या आत. तेलाची एक इवलीशी कुपी त्याने दिली, महिन्याला एकच थेंब म्हणाला, आणि ती छायाबाईंच्या हातात ठेवली. अंकिताने ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

परतीच्या एसटीत अंकिता खिडकीकडे तोंड करून बसली. छायाबाईंनी दोनदा पाणी विचारलं. अर्धा रस्ता गेल्यावर ती खिडकीबाहेर पाहतच म्हणाली,

“तेलाचं मले काई नाई वाटत, आई. तुले मालूम नोतं. पन शुक्रवारपासून मी त्याले खोटारडा म्हनून राह्यली, अन् तू तिथंच बसून हुक लावत होती.”

“शुक्रवारी मालूम नोतं मले. शनिवारी समजलं.”

“मंग शनिवारी काऊन नाई सांगितलं?”

“भेव वाटलं.”

“कोनाचं?”

“तुयं.”

अंकिता वळली. तिला बहुधा राग आणखी वाढवायचा होता, पण आईच्या मांडीवर ती तेलाची कुपी रुमालात गुंडाळून घट्ट धरलेली तिला दिसली. तिने फोन काढून ऋतिकला लावला. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही. वर्धा आल्यावर ती घराकडे वळलीच नाही. तिने नालवाडीचा ऑटो थांबवला, आणि छायाबाई न विचारता तिच्या शेजारी बसल्या.

रस्ताभर छायाबाई वाक्यं जुळवत होत्या. आधी काय बोलायचं, मग काय बोलायचं. ऋतिकचं घर गल्लीच्या शेवटी, दारात तुळस, पायरीवर तो सायकल उलटी ठेवून चेन लावत बसलेला. त्याने दोघींना पाहिलं, हात पुसले, उठला. अंकिताकडे पाहिलंच नाही. पिशवीकडे पाहिलं.

“काकू, बंदूक ठीक झाली का?”

जुळवलेलं एकही वाक्य छायाबाईंना आठवलं नाही. ठीक झाली म्हणाल्या. मग तेल आपणच टाकलं हे सांगितलं, आणि तीन दिवस माहीत असून गप्प बसलो हेही सांगितलं, जे सरांना सांगायचं राहिलं होतं. यादीत त्याचं नाव आहे, हेही सांगितलं. अंकिता मान खाली घालून म्हणाली की चुकलं माझं. शंभर बार करायचे आहेत, अर्धे तू कर, उद्यापासून.

ऋतिक खुश होईल असं दोघींनाही कुठेतरी वाटत होतं. तो परत पायरीवर बसला आणि सायकलचं पायडल हाताने उगीचच फिरवू लागला.

“म्हनजे मी नोतो,” तो म्हणाला.

“नाई बाबू. तू नोता.”

“आईले सांगा ना काकू मंग,” तो चाकाकडे पाहत म्हणाला. “ती रोज विचारते. खरं सांग, मी काई म्हननार नाई म्हनते. मी सांगून राह्यलो, तरी विचारते. कालपासून मी जेवलो नाई तिच्या हातचं.”

आतून भांड्यांचा आवाज येत होता. ऋतिकची आई, सुलोचनाबाई, स्वयंपाकाला लागल्या असाव्यात. त्यांच्या ब्लाउजचं मापही छायाबाईंना पाठ होतं, गेल्याच दिवाळीला दोन शिवले होते. आपण आपल्या लेकीला भ्यायलो, आणि इथे एक आई चार दिवस आपल्या लेकावर अविश्वास ठेवत बसली. या घरापर्यंत आपलं गप्प बसणं आलं असेल हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

अंकिता म्हणाली, मी सांगते काकूंना. छायाबाईंनी मान हलवली. त्यांनी कुपी लेकीच्या हातात दिली, पायरीजवळ चप्पल काढली आणि सुलोचनाबाईंना हाक मारत एकट्याच आत गेल्या.